एनव्हिडिया की एएमडी? आधी एसएमपीएसचं स्टिकर वाच

निपाणीजवळच्या एका खेड्यातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि २४ इंची फुल एचडी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. ३५ हजार जमवलेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० घेऊ की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी? मित्र म्हणतात एएमडीचे ड्रायव्हर बेकार, काका म्हणतात एएमडी तापतं. गेम खेळतो, गणपतीच्या आधी मंडळासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये देखाव्याचं डिझाइनही करतो."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून एकेरीत लिहितो. मी बेळगावात बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय. सुरुवात गेमिंग कॅफेंच्या मशीनपासून झाली, काउंटर-स्ट्राइकच्या जमान्यात. आता कॅफे संपले, पण त्या कॅफेत शाळा बुडवून बसणारी पोरं आता आपल्या पोरांना घेऊन माझ्याकडे येतात आणि हाच प्रश्न विचारतात. लाल की हिरवा, म्हणजे एएमडी की एनव्हिडिया?

यात खरं तर तीन प्रश्न एकात मिसळलेत. चिप कोणाची, हा एक. एनव्हिडिया आणि एएमडी मुख्यतः चिप देतात. खोक्यावर जे नाव दिसतं, झोटॅक, गॅलॅक्स, सफायर, पॉवरकलर, ते कार्ड बनवणाऱ्याचं. असूस आणि गिगाबाइट दोन्हीकडची कार्डं बनवतात. म्हणजे कार्ड कोणी बनवलं, हा दुसरा प्रश्न. आणि ते बिघडलं तर कुठे जातं, किती दिवसांनी परत येतं, हा तिसरा. पुण्या-बेंगळूरच्या पोराला तिसरा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडायला पाहिजे. पण या तिन्हींच्या आधी तुझ्या टेबलाखालचं मशीन नवीन कार्ड पेलतं का ते बघूया, कारण तू एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, एक अक्षर लिहिलेलं नाहीस. बहुतेक पोरं लिहीत नाहीत.

जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं कार्ड. एवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच देतो, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर जोडावीच लागत नाही. म्हणजे इतकी वर्षं तुझ्या एसएमपीएसची परीक्षा झालेलीच नाही. ५०६० चं रेटिंग १४५ वॉट, ९०६० एक्सटीच्या १६ जीबीवाल्याचं १६० वॉट. सरळ दुप्पट. आणि दोघांनाही आठ पिनी वायर लागते.

कॅबिनेटची बाजूची पत्री काढ आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं असेल, ते विसर. खाली एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. त्या आकड्याला बाराने गुण. २० अँपिअर असतील तर २४० वॉट झाले, बाकी ५०० ची जाहिरात. कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. रायझन ३६०० जोर लावतो तेव्हा ८८ वॉटपर्यंत घेतो. त्यात कार्डाचे १४५ नाहीतर १६० मिळव, पंखे आणि डिस्क धर, की तीनशेच्या जवळ गेलास. शिवाय कार्ड क्षणभर रेटिंगपेक्षा बरंच जास्त ओढतं. स्वस्त एसएमपीएस त्या क्षणाला मशीन बंद करतो. तो बंद झाला तर चांगलं समज. बंद न होणारा जास्त वाईट.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१७ साली शहापुरातल्या एका पोराला मी स्वतः कन्व्हर्टर लावून दिला होता, जुन्या डिस्कच्या चार पिनी वायरमधून आठ पिनी काढणारा. "चार दिवस चालव, मग एसएमपीएस घे" म्हणालो. चार दिवसांचे चार महिने झाले. एका रात्री त्याच्या आईला प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी दुकानात कार्ड आलं तेव्हा कनेक्टर सॉकेटला चिकटलेला होता. कार्ड चालू होतं, पण काळं पडलेलं सॉकेट घेऊन वॉरंटी मागायला तोंड नव्हतं. सॉकेट मी माझ्या पैशाने बदलून दिलं. तेव्हापासून दुकानात कन्व्हर्टर ठेवत नाही. कोण मागितलं तर नाही म्हणतो, शिव्या खातो.

म्हणून तुझ्या ३५ हजारांतले साडेचार-पाच हजार आधी बाजूला काढ. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवतो असा शिक्का), ५५० वॉटचा एसएमपीएस तेवढ्यात येतो. आताचा जर नावाजलेला असेल आणि १२ व्होल्टवर ४०० वॉटच्या पुढे देत असेल, तर हे पैसे वाचले.

खेड्यात राहतोस म्हणून अजून दोन गोष्टी. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर घरचं अर्थिंग गेलेलं आहे किंवा मुळात नाहीच. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घे, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. एप्रिल-मे मध्ये वळीव सुरू झाला की माझ्या टेबलावर एचडीएमआय पोर्ट मेलेली कार्डं आणि लॅन पोर्ट मेलेले बोर्ड येतात. वीज लांब कुठेतरी पडलेली असते, पण ती केबलच्या वाटेने घरात येते. ढग गडगडायला लागले की फक्त बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढायची.

दुसरी गोष्ट यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. १६५० वर तो आरामात चालला असेल. नवीन कार्डावर गेम चालू असताना लाइट गेली तर मॉनिटर धरून भार तिथवर पोहोचतो, आणि यूपीएस शिट्टी मारून झोपतो. १००० व्हीए असेल तर बरं. नसेल तर आज लगेच घ्यायलाच पाहिजे असं नाही, फक्त "नवीन कार्ड टाकल्यावर मशीन बंद पडायला लागलं, कार्ड खराब आहे" असं म्हणत येऊ नकोस. दरवर्षी कोणीतरी येतोच.

आता कार्डाकडे वळू. इथे एक गोष्ट आहे जी तुझ्या बाबतीत ब्रँडच्या भांडणापेक्षा जास्त महत्त्वाची आहे, आणि ती तुझ्या मित्रांनी सांगितलेली नाही. तुझा बोर्ड बी४५०. त्याचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा. ३६०० ला ४.० येतं, पण बी४५० वर ते मिळत नाही. कार्ड आणि मशीनमधला रस्ता म्हणजे हा स्लॉट, आणि त्याच्या गल्ल्या म्हणजे लेन. ३.० मध्ये एका लेनवरून सेकंदाला साधारण १ जीबी जातं. आरटीएक्स ५०६० आठ लेनचं कार्ड आहे. नव्या ५.० च्या बोर्डवर आठ लेन भरपूर झाल्या, तुझ्या बोर्डवर मात्र त्या आठच जीबी नेणार. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचं आहे, त्याला तुझ्याकडे दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

याने फरक कधी पडतो? कार्डाची स्वतःची मेमरी पुरत असेल तोवर जवळजवळ पडत नाही. रस्त्यावर गर्दीच नसते. पण गेमचं टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, ८ जीबीच्या बाहेर सांडायला लागलं, की उरलेला माल मशीनच्या रॅममधून या रस्त्याने आणावा लागतो. तेव्हा रस्ता अरुंद असेल तर गेम अडखळतो. सरासरी फ्रेम ७० दाखवतील, पण वळण घेतलं की झटका. व्हिडिओतल्या आलेखांमध्ये हे नीट दिसत नाही, कारण तपासणारे बहुतेक वेळा नव्या बोर्डवर तपासतात. हातात माउस असला की लगेच कळतं.

म्हणजे मुद्दा मेमरीवर आला. ५०६० फक्त ८ जीबीत येतं. ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी, दोन्हीत. २०२५ च्या मे-जूनमध्ये ही कार्डं आली तेव्हा ५०६० आणि ८ जीबीच्या ९०६० एक्सटीची जाहीर किंमत २९९ डॉलर होती आणि १६ जीबीवाल्याची ३४९. आपल्याकडचे भाव दर आठवड्याला हलतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच महाग झाल्याने जास्त मेमरीची कार्डं अजून हलतात. पण नियम तोच. दुकानदाराला दोन्हींचा भाव विचार. फरक चार-पाच हजारांचा असेल तर १६ जीबी घे. फरक आठ-दहा हजारांवर गेला असेल तर फुल एचडी मॉनिटरसाठी तो द्यावा असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा टेक्स्चर एक पायरी खाली आणून खेळ. अल्ट्रा आणि हाय यातला फरक २४ इंचांवर शोधायला भिंग लागतं.

तू कोणते गेम खेळतोस ते लिहिलेलं नाहीस, ते लिहायला पाहिजे होतंस. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच असेल तर तुझे ३५ हजार मी तुझ्या खिशातच ठेवायला सांगेन. व्हॅलोरंट मुख्यतः प्रोसेसरवर चालतो. स्वतः तपासून बघ की: गेममध्ये रिझोल्यूशन ७२० वर आण. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, वाढल्या नाहीत तर प्रोसेसर. नाहीतर कार्डाचा वापर स्क्रीनवर लाव. तो ९७-९९ टक्के दिसला तर कार्ड दमलंय, ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड नुसतं बसलंय. तसं निघालं तर त्याच बोर्डवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो, आणि तो खर्च कार्डापेक्षा बराच कमी. सायबरपंकसारखे मोठे गेम खेळायचे असतील तर मात्र १६५० चा जमाना संपला. २०२४ च्या डिसेंबरपासून तर रे ट्रेसिंगचं (उजेड-सावली खऱ्यासारखी काढण्याचं) हार्डवेअर नसलेल्या कार्डावर सुरूच न होणारे मोठे गेम यायला लागलेत. ४ जीबीच्या १६५० मध्ये ते हार्डवेअर नाही.

आता मित्रांच्या आणि काकांच्या मताकडे. दोघंही खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात.

काकांच्या डोक्यात बहुधा २०१३ चं आर९ २९०एक्स असेल. ते कार्ड ९५ अंशांवर चालायलाच बनवलं होतं आणि त्याचा मूळ पंखा गिरणीसारखा वाजायचा. पण २०१० चं एनव्हिडियाचं जीटीएक्स ४८० काकांनी पाहिलं नसावं, त्याच्यावर भाकरी भाजता आली असती. आज तू ज्या दोन कार्डांमध्ये अडकलायस त्यांच्यात १५ वॉटचा फरक आहे. एका एलईडी बल्बएवढा. कार्ड किती तापणार हे चिपच्या रंगावर नाही, हीटसिंक केवढा आणि कॅबिनेटमध्ये वारा कुठून येतो यावर ठरतं. पुढे काच आणि मागे एकच पंखा असलेल्या शोभेच्या कॅबिनेटमध्ये कुठलंही कार्ड तापतं.

ड्रायव्हरचं म्हणशील तर, २०१९ च्या आरएक्स ५७०० ने खरोखर डोकं उठवलं होतं. काळा स्क्रीन, मध्येच रिसेट, मी स्वतः कितीतरी रात्री त्यात घालवल्या. ती बदनामी एएमडीने कमावलेली आहे. पण २०२५ च्या सुरुवातीला ५० मालिका आली तेव्हा काळा स्क्रीन एनव्हिडियाच्या ड्रायव्हरनेही दाखवला. आज माझ्याकडे "ड्रायव्हर खराब" म्हणून येणाऱ्या मशीनांमध्ये बहुतेक वेळा दुखणं वेगळंच निघतं. एकाचं कार्ड काढून दुसऱ्याचं टाकलं, जुना ड्रायव्हर तसाच राहिला. किंवा नवीन ड्रायव्हर टाकत असतानाच विंडोजने मागच्या दाराने आपला जुना टाकला. तू एएमडीकडे गेलास तर हे कर: नवीन ड्रायव्हर आधी उतरवून ठेव, नेटची वायर काढ, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून एनव्हिडियाचं सगळं पुसून टाक, मशीन बंद करून कार्ड बदल, नवीन ड्रायव्हर टाक, आणि मग नेट जोड. वीस मिनिटांचं काम, आणि निम्म्या बदनामीवरचं औषध.

एनव्हिडियाची बाजू खरोखर कुठे जड आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणशील दुकानदार एएमडी खपवतोय. एक, डीएलएसएस. गेम कमी रिझोल्यूशनवर काढायचा आणि मोठा करून दाखवायचा, ही युक्ती. फुल एचडीवर "क्वालिटी" निवडलंस तर कार्ड प्रत्यक्षात ७२० चं चित्र काढतं. एवढ्या कमी चित्रातून चेहरे, तारा, झाडांची पानं नीट उभी करणं अवघड, आणि ते एनव्हिडियाला चांगलं जमतं. एएमडीची हीच युक्ती म्हणजे एफएसआर, ते जुनं फुल एचडीवर मला आवडायचं नाही, पानं उकळत्या पाण्यासारखी हलायची. आरएक्स ९००० मालिकेबरोबर आलेल्या एफएसआर ४ ने ते अंतर बरंच कमी केलं. पण डीएलएसएस असलेले गेम अजून जास्त आहेत. खोट्या फ्रेम मध्ये घालणारं जे फ्रेम जनरेशन दोन्हीकडे आहे, त्याच्या आकड्यांना भुलू नकोस. मुळात ६० च्या आसपास फ्रेम असतील तर ते छान वाटतं. ३० च्या १२० केल्या तर डोळ्याला १२० दिसतात, पण हाताला ३० च लागतात. वर ते मेमरीही खातं, आणि ८ जीबीवर तीच तर कमी आहे.

दोन, ब्लेंडर. इथे एनव्हिडिया निर्विवाद पुढे. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं अंतिम चित्र काढणारं इंजिन) एनव्हिडियाचं ऑप्टिक्स निवडलं की रेंडर ज्या वेगाने होतो, तो वेग त्याच किमतीचं एएमडी कार्ड आपल्या एचआयपीवर देत नाही. चालतं, पण मागे राहतं. उद्यमबागेतले डिझाइन करणारे आणि शिवजयंतीच्या चित्ररथांचे आराखडे करणारे एक-दोघे माझ्याकडून मशीन नेतात. त्यांना मी दुसरा विचार न करता एनव्हिडिया देतो, कारण त्यांचा वेळ म्हणजे पैसा. पण तिथेही मेमरीची पाचर आहेच. मोठा देखावा, त्यात शेकडो मूर्ती, झाडं, जड टेक्स्चर असलं आणि ते ८ जीबीत मावलं नाही, तर वेग कोसळतो नाहीतर एरर येते.

तुझा मॉनिटर फ्रीसिंकचा (कार्डाच्या फ्रेमशी वेग जुळवून घेणारा) असेल आणि त्यासाठी एएमडीच लागतं असं कोणी सांगितलं असेल, तर तेही जुनं झालं. २०१९ च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर चालतात, फक्त डिस्प्लेपोर्टची केबल वापर.

तर आतापर्यंतचं तुझ्यापुरतं असं जमतं. एसएमपीएस बदलून तीस हजार उरले, गेम साडेअकरा महिने आणि ब्लेंडर पंधरा दिवस, बोर्ड बी४५०. १६ जीबीचं ९०६० एक्सटी बजेटात किंवा दोन महिने थांबून बसत असेल, तर मी तेच घेईन. ते बसत नसेल आणि दोन ८ जीबीवाल्यांमध्येच निवडायचं असेल, तर ब्लेंडर आणि डीएलएसएससाठी ५०६०, टेक्स्चर हायवर ठेवून. आणि मंडळं देखाव्याचे पैसे देत असतील, पुढे हेच काम करायचं मनात असेल, तर सगळा हिशोब बदलतो. मग एनव्हिडियाचंच १६ जीबीचं ५०६० टीआय डोळ्यापुढे ठेवून पैसे साठव.

इंटेलचं आर्क बी५८० तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच. १२ जीबी, किंमत कमी, चांगलं कार्ड. तुझ्या मशीनला नको. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड मागे पडतं. त्याला रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच. तसं ते बाकीच्यांवरही चालू करणं चांगलं, पण त्यासाठी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि त्याआधी बघ तुझं विंडोज जुन्या मांडणीच्या, म्हणजे एमबीआर डिस्कवर आहे का. असेल तर सीएसएम बंद करताच विंडोज सापडणार नाही आणि तुला वाटेल कार्डाने मशीन मारलं. आधी डिस्क नव्या जीपीटी मांडणीची करून घ्यायची, बॅकअप घेऊन.

सेकंड हँडचं एका वाक्यात सांगत नाही, कारण त्यात मी हात पोळून घेतलेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात ढिगाने कार्डं आली. मी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून पाच उचलली. पॉलिश केल्यासारखी चकचकीत. पहिल्याच पावसाळ्यात दोन मेली. चकचकीत का होती ते नंतर कळलं, धुतलेली होती. आज सेकंड हँड घ्यायचंच तर ओळखीतल्या माणसाच्या चालू मशीनमधलं, बिलासकट, तासभर गेम चालवून बघून घे. १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० तसं मिळालं तर वाईट नाही, ते सोळा लेनचं आहे. पण वॉरंटीचे दिवस मोजून पैसे दे.

आणि वॉरंटी म्हणजे आपला तिसरा प्रश्न. इथे मी माझ्याच पोटावर पाय देतो. तुला निपाणीहून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीसएक. कोल्हापुरातून घे. राज्य वेगळं म्हणून वॉरंटी वेगळी होत नाही, ती देशभराची असते. "तिकडे टॅक्स कमी" हेही खरं नाही. तिकडे काउंटरवर घेतलंस तर केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के जीएसटी, परराज्यातून ऑनलाइन मागवलंस तर आयजीएसटी १८, बेरीज तीच. फरक पडतो तो बिघडल्यावर कार्ड घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं यात. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचार: "बिघडलं तर तुम्ही पाठवणार की मी?" तो "द्या आणून, मी बघतो" म्हणाला तर त्याच्याकडे पाचशे-हजार जास्त गेले तरी दे. ऑनलाइन घेतलंस तर सेवा केंद्राशी तुलाच बोलायचंय. पत्ता कर्नाटकाचा म्हटल्यावर समोरचा कन्नडमध्ये सुरू करेल, पण त्याची आपल्याला कुठे अडचण आहे.

बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे, आणि तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी जुळव. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि किंमत असलेलं स्टिकर पाहिजे. ते नसेल तर कार्ड मागच्या वाटेने आलंय, स्वस्त असलं तरी ठेव तिथेच. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर वॉरंटी वाढवून देतात, पण ठरावीक दिवसांतच. घरी आल्या आल्या ते कर. ऑनलाइनचं खोकं फोडताना व्हिडिओ काढ, सील दिसलं पाहिजे.

आता गंज. हे तुला कुठल्या तुलनेत वाचायला मिळणार नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, चार महिने कपडे वाळत नाहीत. तिकडून आलेल्या कार्डांच्या मागच्या पत्रीवर आणि स्क्रूवर तांबूस ठिपके असतात. कार्ड वेगळ्याच कारणाने मेलेलं असतं, पण सेवा केंद्रात ठिपके दिसले की "गंज, वॉरंटीत बसत नाही" असा शेरा मारून परत. असं माझ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत एकाहून जास्त वेळा झालंय. तुमच्याकडे पाऊस तेवढा नाही, तरी जुलै-ऑगस्टमध्ये मशीन रोज तासभर तरी चालू ठेव, त्याची स्वतःची ऊब ओल घालवते. बंद केल्या केल्या प्लॅस्टिकचं कव्हर घालू नकोस, आत घाम धरतो. भिंतीला चिकटवून, ओल्या फरशीवर ठेवू नकोस. आणि उन्हाळ्यात धूळ काढताना ब्लोअरने पंखे गरगर फिरवू नकोस, बोटाने धरून मग हवा मार.

कार्ड मागवण्याआधी टेप घेऊन कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पत्रीपर्यंत लांबी मोज. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या घरात जातात, दोन पंख्यांची बरीच आखूड. हा आकडा, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो आणि तू खेळतोस त्या गेमची नावं एवढं पाठव, मग कार्डाचं नेमकं मॉडेल सांगतो.